खुर्ची पोटरीच्या मापाची: लहान मुलासाठी हाताने लाकडी खुर्ची करताना

मी केलेली पहिली खुर्ची सध्या गच्चीवर तुळशीच्या कुंडीखाली आहे. खुर्ची म्हणून ती चार महिनेही चालली नाही. पुतणी तेव्हा अडीच वर्षांची होती. मुलांचे कपडे जसे वाढत्या अंगाचे घेतात, तशी मी बैठक वाढत्या अंगाची, म्हणजे १० इंच उंच केली. पोरगी बसली, पण पाय फरशीला टेकेनात. ते हवेत हलत राहिले आणि दोन मिनिटांत ती खाली उतरून पुन्हा मांडी घालून बसली. तिची पोटरी होती साडेआठ इंच.

दुसरी चूक जुलैत कळली. बैठकीची अख्खी फळी मी एप्रिलच्या उन्हात चारही बाजूंनी फेविकॉल लावून आणि वर खिळे मारून जखडली होती. पावसाच्या दमट हवेत ती फुगली. तिला सरकायला जागाच नव्हती, मग तिनं पुढची पट्टी पायातून उपटून काढली. रात्री अकराला टक्कन आवाज आला तेव्हा आम्हाला वाटलं, भिंतीवरून पाल पडली.

दुसऱ्या खुर्चीच्या वेळी नाशिकच्या पंचवटीतल्या एका वयस्कर सुतारकाकांकडे गेलो. लाकूड कुठलं घेऊ, असं विचारायच्या बेतात होतो. ते म्हणाले, "आधी पोरीला आण, मग लाकूड आण." खाली लिहिलंय ते बरंचसं त्यांच्याकडून आणि उरलेलं स्वतःच्या चुकांतून शिकलेलं आहे. करवत कधी हातात धरली नसेल तरी चालेल. चार-पाच रविवार मात्र मोकळे ठेवा.

मूल मोजा

टेप घेऊन मुलाच्या मागे लागलात तर ते पळेल. त्यापेक्षा रद्दीची थप्पी करा, वर एक पाट ठेवा आणि त्यावर त्याला बसवा. तळवे पूर्ण टेकलेले, मांडी जमिनीला समांतर आणि गुडघा काटकोनात येईपर्यंत थप्पीतले पेपर कमी-जास्त करत राहा. तो खेळ त्यांना आवडतो. जमलं की पाटासकट थप्पीची उंची मोजा. तीच बैठकीची उंची. एक सूतही वाढवू नका. चार सूत कमी झाली तर काही बिघडत नाही, कारण मूल वाढतं तशी बुटकी खुर्ची वर्ष-दोन वर्षं चालून जाते. उंच खुर्चीत मूल बसतच नाही.

आता सूत म्हणजे काय ते सांगतो. सुतार आणि वखारवाले इंचाचे आठ भाग करतात आणि त्यातल्या एका भागाला सूत म्हणतात. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. हे डोक्यात बसवून घ्या, नाहीतर वखारीत कोण काय म्हणतंय ते कळणार नाही.

आणखी दोन मापं लागतात. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंतची लांबी घ्या आणि त्यातून सव्वा इंच वजा करा. ती बैठकीची खोली. हे वजा केलं नाही तर फळीची कड पोटरीत रुतते आणि मूल पाठ टेकायचं सोडून पुढे सरकून बसतं. मग कुल्ल्यांची रुंदी घ्या आणि तिच्यात किमान इंचभर मिळवा. मागच्या दोन पायांमधलं अंतर तेवढं तरी हवं.

माझी पुतणी दुसऱ्या वेळी साडेतीन वर्षांची झाली होती. तिची मापं: उंची ९ इंच ४ सूत, खोली ९ इंच, कुल्ले ८ इंच. पुढचे सगळे आकडे याच मापांवर आहेत. तुमच्याकडचं मूल वेगळं असेल तर आकडे त्या प्रमाणात हलवा.

वजनाचंही बघा. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये 'बालगृह' ही लहान मुलांची शाळा सुरू केली. तिथं त्यांनी मुलांना स्वतः उचलता येईल इतक्या हलक्या खुर्च्या करून घेतल्या होत्या. धक्का लागला तर खुर्ची पडेल, आवाज होईल आणि आपलं कुठे चुकलं ते मुलाला मोठ्यांनी न ओरडताच कळेल, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे मात्र लहान मुलांची खुर्चीही 'मजबूत पाहिजे' म्हणून पाच-सहा किलोची होते आणि ती हलवायला आईला बोलवावं लागतं. खालच्या मापांची सागवानी खुर्ची तीन-सव्वातीन किलोच्या आसपास भरते. साडेतीन वर्षांचं मूल ती ओढत, उचलत घरभर नेतं.

लाकूड

नाशकात सागवान मिळणं अवघड नाही. कुठल्याही वखारीत विचारा. भाव घनफुटावर असतो. या खुर्चीला पाव घनफुटापेक्षाही कमी लाकूड लागतं. चुकणारं, वाया जाणारं धरून एक तृतीयांश घनफूट घ्या. एवढ्याशासाठी वखारवाला नवा ओंडका कापणार नाही, तेव्हा त्याच्याकडचे उरलेले तुकडे बघायला मागा. दारं-खिडक्यांच्या कामातून उरलेले दोन-तीन फुटांचे तुकडे आपल्याला पुरतात आणि स्वस्तही पडतात. कापून आणि मशिनवर रंधा मारून, म्हणजे तासून सपाट करून, तिथंच घ्या. खरबरीत फळी हातानं सपाट करणं हे नवख्याचं काम नव्हे. पहिल्याच रविवारी हात भरून येतात आणि पुढचा रविवार उगवत नाही.

जुन्या नाशकातला एखादा वाडा उतरवला की त्याचं सागवान विकायला येतं. माझी दुसरी खुर्ची अशाच एका तुळईच्या तुकड्यातून झाली. वर काळपट, धुरकट थर होता. रंध्याचा पहिला हात फिरला आणि आतून मधासारखा रंग निघाला. खोलीभर सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास पसरला. इतक्या वर्षांत ते लाकूड जेवढं वाळायचं तेवढं वाळलेलं असतं. पण त्यात मोडके खिळे लपलेले असतात. रंधा लावण्याआधी सगळ्या बाजूंनी लोहचुंबक फिरवा, नाहीतर रंध्याच्या पात्याला खांडा पडलाच म्हणून समजा. जुन्या दाराचा रंगवलेला तुकडा मिळाला तर सोडून द्या. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, आणि तो घासला की त्याची धूळ घरभर होते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून येतात त्यांचं पाइन भंगारवाल्यांकडे मिळतं. शिकायला ते चांगलं, मऊ आणि हलकं. त्यावर शिक्का बघून घ्या. 'एचटी' असेल तर लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं आहे, चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला, ते मुलाच्या खुर्चीला नको. शिक्काच नसेल किंवा तेला-रसायनाचे डाग असतील तरी नको. पाइन घेतलंत तर पाय दीड इंचाऐवजी पावणेदोन इंच जाड ठेवा. शिवणीचं लाकूड मिळालं तर तेही उत्तम, हलकं असतं आणि फारसं वाकत-तिरपत नाही. प्लायवूडच्या कडा नीट झाकल्या नाहीत तर कुसळं निघतात, म्हणून मी ते वापरत नाही.

निवडताना फळी डोळ्यासमोर आडवी धरून टोकाकडून बघा. पिळलेली असेल तर लगेच दिसतं. पायांच्या तुकड्यांत गाठ नको आणि रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ हव्यात. बैठकीच्या फळीत एखादी घट्ट गाठ असली तर असू दे.

अवजारं

बारीक दातांची करवत, छोटा रंधा, दोन पटाश्या, म्हणजे लाकडाच्या छिन्न्या (एक तीन सुताची, एक सहा सुताची), लाकडी मोगरी (ठोकायची हातोडी), गुण्या (काटकोन तपासायला), खतावणी (कडेला समांतर रेघ मारायला), कानस, ड्रिल मशिन आणि धारेचा दगड. बस्स. क्लॅम्प (लाकूड दाबून धरायचे शिकंजे) दोन असले तर बरं, नसले तर उपाय पुढे आहे. रविवार कारंजा आणि मेनरोडच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळं मिळतं. माझा रंधा मात्र बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात मिळाला. पातं गंजलेलं होतं, पण पोलाद चांगलं.

नवी पटाशी धारेची नसते. दुकानदार 'एकदम तयार माल' म्हणाला तरी नसते. दगडावर पाण्याचे थेंब टाका, पटाशीची तिरपी बाजू पूर्ण टेकवून घासा, मग उलटी करून सपाट बाजूचा बर (घासताना कडेवर उठलेली बारीक कोर) काढा. मनगटावरचे केस निघाले की धार आली. बोथट पटाशीला जास्त जोर लागतो आणि जोर लावताना ती सटकते. माझ्या डाव्या अंगठ्यावर याचा पुरावा आहे. ज्या हातानं लाकूड धरलंय तो कधीच पटाशीच्या वाटेत ठेवू नका.

तुकडे

पुढचे पाय दोन: दीड बाय दीड इंच, लांबी ८ इंच ६ सूत. यावर सहा सुताची बैठक बसली की उंची ९ इंच ४ सूत होते.

मागचे पाय दोन: जाडी दीड इंच, रुंदी ३ इंच, लांबी २० इंच. हेच वर जाऊन पाठीचे खांब होतात.

पुढची आणि मागची पट्टी: २ इंच रुंद, सहा सूत जाड, लांबी १० इंच ६ सूत. बाजूच्या पट्ट्या दोन: तशाच, पण लांबी ८ इंच ६ सूत.

पाठीच्या पट्ट्या तीन: २ इंच रुंद, चार सूत जाड, १० इंच लांब.

बैठकीच्या फळ्या तीन: २ इंच ७ सूत रुंद, सहा सूत जाड, १३ इंच लांब. शिवाय सहा बाय सहा सुताच्या दोन रिपा (बारीक चौकोनी पट्ट्या), साडेसहा इंची.

पायांना खाली आडव्या पट्ट्या देऊ नका. एवढ्या बुटक्या खुर्चीला त्यांची गरज नसते, आणि मुलं त्यांची शिडी करतात.

मागचे पाय, सगळ्यात महत्त्वाचे

मूल खुर्चीवर बसतं कमी, उभं राहतं जास्त. उभं राहून पाठीला रेलतं. मागचे पाय सरळसोट असले तर खुर्ची मागे उलटते आणि डोकं फरशीवर आपटतं. म्हणून मागच्या पायाचं खालचं टोक पाठीच्या वरच्या टोकाच्या सरळ खाली तरी हवं, किंवा त्याच्याही मागे. या एका नियमात तडजोड नाही.

त्यासाठीच फळी ३ इंच रुंद घेतली आहे. तिच्यातून दीड इंच रुंदीचा पाय काढायचा, मधे पुढे आलेला आणि दोन्ही टोकांना मागे गेलेला. आधी जाड पुठ्ठ्यावर काढा. खालून साडेसहा ते साडेनऊ इंचांमधला भाग सरळ, फळीच्या पुढच्या कडेला लागून. तिथून वर २० इंचांपर्यंत रेषा तिरकी जाते आणि टोकाला पुढच्या कडेपासून दीड इंच मागे पोहोचते. साडेसहा इंचांपासून खालीही तसंच, जमिनीशी दीड इंच मागे. या रेषेला समांतर, दीड इंच अंतरावर मागची रेषा काढा. झाला आकार. पुठ्ठा कापून दोन्ही फळ्यांवर त्याचीच खूण करा, म्हणजे दोन्ही पाय जुळे होतील.

पण कापू नका अजून. पट्ट्यांची भोकं आधी पाडायची, फळी चौकोनी असतानाच. आकार दिलेला पाय क्लॅम्पमध्ये नीट बसत नाही, डुगडुगतो.

भोकं झाली की पुढच्या बाजूच्या दोन पाचरी करवतीनं सरळ निघतात. मागच्या बाजूचा मधला खड्डा करवतीनं एकसंध निघत नाही. तिथं दर अर्ध्या इंचावर रेषेपर्यंत आडवे छेद घ्या आणि मधले तुकडे पटाशीनं उडवा. ढलप्या पडतात, मजा येते. रेषेच्या जवळ आलात की थांबा आणि उरलेलं रंध्यानं नाहीतर कानशीनं काढा. हे झेपत नसेल तर पुठ्ठा घेऊन वखारीत जा, तिथल्या आऱ्यावर (मशिनच्या करवतीवर) पाच मिनिटांचं काम आहे. यात कमीपणा काही नाही.

कूस आणि भोक

पट्टीच्या टोकाला बारीक करून केलेली जीभ म्हणजे कूस (कोणी कुसू म्हणतं), आणि ती पायातल्या भोकात बसते. खिळा-स्क्रूनं जोडलेली खुर्ची हलता हलता सैल होते. कुशीचा जोड मुलाच्या उड्या सोसतो.

चारही पाय एकत्र धरून पट्टीची जागा एकदमच आखा: जमिनीपासून ६ इंच ६ सूत ते ८ इंच ६ सूत. पेन्सिलीऐवजी टोकदार सुरीनं रेघ मारा. पटाशी त्या रेघेत आपोआप बसते. वरून अर्धा इंच सोडून द्या, भोक दीड इंचच लांब ठेवा, नाहीतर पुढच्या पायाचं डोकं चिरतं. भोकाची रुंदी तीन सूत, खोली एक इंच. ड्रिलच्या बिटाला एक इंचावर चिकटपट्टीचं निशाण करा, ओळीनं चार-पाच भोकं पाडा आणि मधल्या भिंती पटाशीनं साफ करा. एका पायात दोन बाजूंनी येणारी भोकं आत एकमेकांना भेटतील. तसंच हवंय.

मग कूस. पट्टीच्या दोन्ही टोकांना सात सुतावर रेघ मारा. दोन्ही रेघांमधलं अंतर पुढच्या-मागच्या पट्टीत ९ इंच आणि बाजूच्या पट्टीत ७ इंच आलं पाहिजे. एकूण लांबी सुतभर चुकली तर चालते, हे मधलं अंतर चुकलं तर खुर्ची तिरपी होते. सहा सुताच्या जाडीतला मधला तीन सुतांचा भाग ठेवून दोन्ही बाजूंनी दीड-दीड सूत काढा. वरचा अर्धा इंचही छाटा. करवत रेघेच्या बाहेरच्या अंगानं चालवा आणि उरलेलं पटाशीनं खरवडत आणा. शेवटी कुशीचं टोक ४५ अंशांत तिरकं कापा, म्हणजे एका पायात शिरणाऱ्या दोन कुशी आत एकमेकींवर आदळणार नाहीत.

कूस किती घट्ट हवी? हातानं दाबून अर्धी जावी आणि उरलेली मोगरीच्या दोन हलक्या ठोक्यांनी. हातोडीनं बडवावी लागली तर पाय चिरेल. आपोआप आत पडली तर सैल आहे. मग रंध्याचा एक पातळ छिलका कुशीला चिकटवा, वाळू द्या आणि पुन्हा बसवून बघा. प्रत्येक जोडावर दोन्हीकडे एकच अक्षर लिहा, 'क'ला 'क', 'ख'ला 'ख'. आठ कुशी दिसायला सारख्या असतात, बसायला नाहीत.

पाठीच्या पट्ट्यांना वेगळी कूस नको. अख्खी पट्टीच चार सूत रुंद आणि अर्धा इंच खोल खाचेत बसवा. खाचा खांबाच्या तिरक्या रेषेला समांतर आखायच्या. वरून अर्धा इंच सोडून पहिली पट्टी, मग १ इंच २ सुतांची फट, मग दुसरी, तशीच तिसरी. फटींचा हिशेब मनानं बदलू नका. पाव ते अर्ध्या इंचाच्या फटीत लहान बोट अडकतं, आणि तीन-चार इंचांच्या फटीत मूल डोकं घालून बघतं.

जोडणी

डिंक (म्हणजे फेविकॉल) न लावता अख्खी खुर्ची एकदा उभी करा. हा टप्पा वगळणाऱ्याला मी ओळखतो, तो मीच. ओल्या फेविकॉलमध्ये बरबटलेले हात घेऊन 'ही पट्टी उलटी बसली की काय' असं म्हणायची वेळ येऊ देऊ नका.

सागात मूळचं तेल असतं आणि त्यामुळे डिंक नीट धरत नाही. चिकटवायच्या आधी लगेच कुशींवरून बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि स्पिरिटच्या फडक्यानं पुसा. मग मागची चौकट जोडा: दोन खांब, मागची पट्टी, पाठीच्या तीन पट्ट्या. दुसरीकडे पुढची चौकट. दोन्ही रात्रभर दाबून ठेवा. आत भोकात सांडलेला डिंक काडीनं काढून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी बाजूची कूस आत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी बाजूच्या पट्ट्या लावून दोन्ही चौकटी एकत्र करा.

क्लॅम्प नसतील तर सुती दोर घ्या. चौकटीभोवती दोन वेढे द्या, मधे काठी घाला आणि पीळ द्या. बैलगाडीवर कडबा आवळतात तसं. कडांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर दोराचा वळ उठतो. लगेच दोन्ही कर्ण मोजा. सारखे असले तर चौकट काटकोनात आहे. नसतील तर लांब कर्णाच्या दिशेनं हलकेच दाबा. डिंक ओला आहे तोवर दहा मिनिटं तुमच्या हातात आहेत.

बैठक

लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. मे महिन्यात आकसतं, जुलै-ऑगस्टमध्ये फुगतं. आपल्या पाटाला खालून दोन आडव्या पट्ट्या असतात. जुन्या पद्धतीच्या पाटात त्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या असत, चिकटवलेल्या नसत. ते बघूनच मी शहाणा व्हायला हवं होतं.

म्हणून एका फळीऐवजी तीन, मधे एकेक सुताची फट. फळ्या डावी-उजवीकडे आडव्या, पुढची अर्धा इंच बाहेर आलेली. बाजूच्या पट्ट्यांच्या आतल्या अंगाला, वरच्या कडेशी लागून रिपा चिकटवा आणि स्क्रू मारा. खुर्ची उलटी करून रिपांतून वर सव्वा इंची स्क्रू द्या, प्रत्येक फळीला प्रत्येक टोकाला एकच आणि तोही फळीच्या बरोबर मध्यावर. फळी मग दोन्ही अंगांना मोकळी फुगते. डिंक इथं अजिबात नको. स्क्रूआधी बारीक बिटानं वाट करा. बिटालाही चिकटपट्टी लावा, नाहीतर ते वरून बाहेर निघतं. असं केलं की मुलाच्या अंगाला धातू कुठेच लागत नाही.

खुर्ची पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आगेमागे करा. हवा मधली असते, लाकूडही मधलं. मे महिन्यात करणार असाल तर फट दीड सूत ठेवा.

डुगडुगणं

चार पायांची खुर्ची पहिल्या झटक्यात चारही पायांवर उभी राहत नाही. घरात खात्रीची सपाट जागा म्हणजे स्वयंपाकघरातला कडप्प्याचा ओटा. त्यावर खुर्ची ठेवा. जो पाय अधांतरी आहे तो सोडून बाकीच्यांकडे बघा: ज्या जोडीवर ती झुलते ते दोन पाय लांब. त्यातला एक, ८० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासत जा. थोडं घासायचं, पुन्हा ठेवून बघायचं. करवतीला हात लावू नका. मी लावला होता. या पायाचं थोडं, मग त्या पायाचं थोडं, असं करता करता खुर्चीचा पाट व्हायची वेळ आली होती.

घासणं

सगळ्या कडा आधी कानशीनं मोडा, रुपयाच्या नाण्याच्या कडेइतक्या तरी गोल. खांबांची वरची टोकं आणि बैठकीची पुढची कड याहून जास्त गोल हवी. मग पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २२० या क्रमानं, नेहमी रेषांच्या दिशेनं. मधला नंबर गाळलात तर आडवे ओरखडे तेल लावल्यावर उठून दिसतात. १८० झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसून घ्या. वाळल्यावर लाकडावर बारीक लव उभी राहते, ती २२०नं काढा. तोंडाला फडकं बांधा, सागाचा भुसा नाकाला झोंबतो.

शेवटी कापसाचा बोळा घेऊन सगळीकडून फिरवा, खालूनही. जिथं कापसाचा तंतू अडकेल तिथं कुसळ आहे. आपल्या राठ हाताला जे लागत नाही ते कापसाला लागतं.

तेल की रंग

मी जवसाचं कच्चं तेल लावतो. कापडानं पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी जास्तीचं पूर्ण पुसायचं, किमान दोन दिवस थांबायचं आणि असे तीन हात. कच्चं तेल कधी कधी वाळायला याहून जास्त वेळ घेतं, घाई करू नका. रंगाच्या दुकानातल्या 'बॉइल्ड' तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, म्हणून ते नको. शेंगदाण्याचं किंवा घरातलं दुसरं खायचं तेलही नको. ते वाळतच नाही, चिकट होतं आणि खवट वास येतो. तेलाच्या वर मधमाशीच्या मेणाचा एक हात दिला की पाण्याचे थेंब ठरत नाहीत.

इथं एक धोक्याची गोष्ट. जवसाच्या तेलाची फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तेल तापतं आणि बोळ्याच्या आत उष्णता कोंडून ती आपोआप पेट घेऊ शकतात. गच्चीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

चकचकीत हवं असेल तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश. मुलानं कड चावली तरी भीती नाही, पण ओला ग्लास ठेवला की पांढरा डाग पडतो. रंगच द्यायचा असेल तर डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं चालत नाही. माळ्यावरचा जुना डबा मात्र मुळीच उघडू नका.

मुलाआधी गव्हाचं पोतं

या वयाचं मूल चौदा-पंधरा किलोचं असतं. तीस किलोचं गव्हाचं पोतं बैठकीवर ठेवा आणि खुर्ची चारही दिशांना हलवा. कुठे करकर ऐकू आली तर तो जोड उघडून पुन्हा करा. मग पोतं काढून पाठीचं वरचं टोक धरून मागे ओढा. सहज कलली तर मागचे पाय चुकले आहेत, अशा खुर्चीत मूल बसवू नका. पुढच्या कडेवर मधोमध दाबूनही बघा, मुलं तिथंच पाय देऊन चढतात.

वर्षातून एकदा, गणपती उठले की, खुर्ची उलटी करून स्क्रू बघायचे आणि तेलाचा एक हात द्यायचा.

आमच्या खुर्चीच्या मधल्या फळीखाली पेन्सिलीनं तीन ओळी आहेत. दर वाढदिवसाला पुतणीला रद्दीच्या थप्पीवर बसवून घेतलेलं माप आणि तारीख. शेवटची ओळ ११ इंच आहे. खुर्ची तिला कधीचीच बुटकी झाली. आता तिच्यावर चढून ती बेसिनपर्यंत पोहोचते, आणि थप्पीवर तिचा धाकटा भाऊ बसतो. त्याचं माप आठ इंच भरलं. याच खुर्चीचे पाय दीड इंच कापले तर चालेल का, असं सुतारकाकांना विचारलं, तर ते हसले आणि वखारीची वेळ सांगितली.